वरून वाढलेलं

उत्तर थायलंड,
२८ जुलै २००३

ती. सौ. प्रतिक्षाताईस,
सविनय जयभीम वि. वि.

भिक्खूचं चीवर घेतलेल्या माणसाने आधी वंदन करायचं नसतं, पण तुझा स्वभाव ठाऊक आहे, म्हणून करून टाकलं.

आल्यापासून पाऊस थांबलेला नाही. चीवराला बुरशी, उशीला बुरशी, बाहेर पाऊल टाकलं की पायाला जळवा. जेवणाचं तर विचारू नकोस. मासे माठात कुजवतात, अळ्या पडल्या तर बाजूला सारतात आणि तो रस्सा मोठ्या प्रेमाने भातावर घालतात. भिक्षापात्रात पडेल ते खायचं हा आमचा नियम. डोळे मिटून गिळतो आणि मागे जाऊन ओकतो.

या सगळ्यावर कळस म्हणजे विहाराची झाडलोट करणारा खाम म्हातारा. तोंडात सदा पान, हनुवटीवर लाळ, नखं काळीकुट्ट, आणि त्याच बोटांनी माझ्या पात्रात मासा ठेवायचा. शेवटी त्याला खुणेने सांगितलं, लांब उभं राहायचं, वरून टाकायचं, पात्राला हात लावायचा नाही. बिचारा लगेच समजला. तेवढं एक सुख.

ताई, मला इथून काढ. वर्षावासात तीन महिने जागा सोडता येत नाही, पण आई आजारी असेल तर सात दिवसांची मोकळीक मिळते. थोरल्या भंतेंच्या नावाने तसं चार ओळींचं पत्र धाड. एकदा घरी एकोडीला पोचलो की परत फिरणार नाही. अतुलभाऊजींना जयभीम. धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस.

संघपाल


शहापूर,
१६ ऑगस्ट २००३

प्रिय संघपाल यास,
जयभीम व अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन परवा एकोडीला गेले. आई आजारी नाही. धानाचा रोवणा करून चिखलाने भरलेली घरी आली आणि हातपाय न धुताच वाच म्हणाली. जळवांवर खूप हसली; आपल्या बांधीत का कमी आहेत, म्हणाली. खोट्या आजाराचं ऐकून मात्र माझ्यावरच चिडली, की पोरगा माह्या जिवावर खोटं बोलून राहिला आन् तू वाचून राहिली.

मग खामचं आलं. ते तिने पुन्हा वाचायला लावलं. एवढंच विचारलं, की तिथं बी वरूनच टाकतेत का. ती उठून चुलीपाशी गेली.

डोमा आज्याचं तुला किती आठवतं कोण जाणे. बाजाराच्या दिवशी हॉटेलवाला ओट्यावर उभा राहून त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचा, आणि शिंतोडा उडाला की शिवी घालायचा. आजा नागपूरला दीक्षेला गेला तो त्या ओंजळीपायी. त्याचा नातू बुद्धाच्या नावाने परदेशी जातो आणि एका म्हाताऱ्याला हेच शिकवतो. तुझ्या अळ्यांचं मला काही वाटलं नाही. किळस आली ती तुझी. भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे बघवत नाही.

पत्र मी लिहिणार नाही. उकळलेलं पाणी पी. रागावले तरी बहीणच आहे, हे ध्यानात असू दे.

प्रतिक्षा


उत्तर थायलंड,
१४ सप्टेंबर २००३

ती. प्रतिक्षाताईस,
सविनय जयभीम. आईच्या पायावर डोकं.

तुझं पत्र आलं तेव्हा मी हगवणीने आडवा होतो. उठायचं त्राण नव्हतं, सगळं अंथरुणातच. दुसरे भिक्खू दारातून नाक धरून विचारपूस करून जायचे. आत येत होता तो एकटा खाम. माझी घाण तो त्याच काळ्या नखांच्या हातांनी काढायचा, मला पुसायचा, चीवर धुऊन चुलीवर वाळवायचा. तोंडावर आठी नाही. पाणी पाजताना मात्र आधी माझ्याकडे बघायचा आणि भांडं उंच धरायचा. पत्र माझ्या उशाशीच पडलं होतं.

मला त्याचे उपकार वाटले, ताई. खरं सांगायचं तर किळसही गेली नाही. त्याच्या तोंडाचा वास आला की अजून मान वळवतो. दोन्ही एकाच वेळी वाटतं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. बरा होऊन बाहेर आलो, तर गावातली बाई खामला भात वाढत होती. लांब उभी राहून, वरून. त्याच्या वाडग्याला हात लागू न देता. इथल्या मास्तरला इंग्रजी येतं. त्याला विचारलं तर म्हणाला, बुद्धाच्या देशातून आलेले भंते तसं करायला लावतात, म्हणजे तोच खरा नियम असणार, आणि खामचं काहीतरी मोठं पाप असणार. भंतेंचा नियम जपा, मला हात लावू नका, असं खामनेच सगळ्यांना सांगितलं होतं. या गावाला ही गोष्ट माहीतच नव्हती. ती मी आणली.

दुसऱ्या सकाळी सगळ्यांसमोर मी पात्र खामच्या हातात दिलं आणि त्याला बोटांनी मासा ठेवायला लावला. तिथेच बसून खाल्ला. मोडक्यातोडक्या बोलीत सांगितलं, की हा नियम बुद्धाचा नाही, माझ्या घाणेरड्या मनाचा आहे. लोकांनी हात जोडले. भंते फार नम्र आहेत, असं आपसात म्हणाले.

आज सकाळी त्या बाईने खामला पुन्हा वरूनच वाढलं.

आईला सांग, वर्षावास संपला तरी माझी वाट पाहू नको. फोटो काढून ठेवला असशील तर तसाच राहू दे. मायेची आशा आहे, मागायची लाज वाटते.

संघपाल