जेवणघरातला ससा

९ मे १९८५, गुरुवार
मार्था आली होती. गुरुवारचा चहा, आलं जास्त, साखर कमी. बगलेत ते जाडजूड पुस्तक, बेल्जियमच्या चित्रकारांचं. तिचं घर शेजारीच, मधे नुसती हिरवळ, तेवढ्यात दोनदा धापा टाकते, पण पुस्तक मला धरू देत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पान नाकाला लावून बघते, आणि शिकवते मला!

त्या चित्रकारांची खरी नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून मी माझी ठेवलीत. आरसेवाला, जत्रावाला, गुबगुबीत-बायकावाला, मुखवटेवाला, अगदी अलीकडचा हॅटवाला. मधे शतकं गेली, पण मार्थाच्या मते सगळे एकाच घरातले. "आमच्या लोकांना आभाळापेक्षा टेबलावरचं जास्त आवडतं. देवाची आई रंगवतील, तरी तिच्यामागे शेगडी हवी." म्हटलं, आमच्याकडे देव स्वयंपाकघरातच असतात. खूश झाली.

मग नेहमीसारखी जेवणघरात, तिच्या वडिलांच्या चित्रासमोर. टेबल, पितळी भांडं, अर्धवट सोललेलं लिंबू आणि खिळ्याला उलटा टांगलेला मेलेला ससा. नाताळात तिनंच दिलं, हातोडीही स्वतःची आणून ठोकलं. वडील काही नावाजलेले नव्हते, पण त्या सशाच्या कानातून उजेड येतो. खरंच येतो.

१८ला सा.बा. येणार, ऑगस्टअखेरपर्यंत. सासूबाई आणि ससा, एका खोलीत. देवा.

१९ मे
झालं! पहिल्याच जेवणाला सा.बा. ताटावरून उठल्या. "समोर मढं टांगून जेवता तुम्ही? आणि ती पोर पण जेवते?" ताट बेडरूममध्ये नेऊन दिलं. आमची अनू टेबलावरून खिदळतेय.

शशीचं म्हणणं, काढून ठेव. एरवी पडदे घ्यायचे तर आठवडा लावतो, आईची गोष्ट आली की लगेच निर्णय.
"आणि मार्थाला काय सांगू?"
"सांग, भिंत रंगवतोय."
"ऑगस्टपर्यंत?"
उठून टीव्ही लावला.

२४ मे
लिहूनच टाकते. मी सशाचा दुधी केला.

कल्पना भाजी चिरताना आली. लांबटच आहे की. वर दोन पाय बांधलेले, ते देठ. पोस्टर कलर पाण्यानं निघतो, तेलरंगावर नुसता बसेल, सा.बा. गेल्या की पुसून टाकू. धरेना, म्हणून थेंबभर साबण घातला, ही युक्ती आर्ट स्कूलमधली. मुंबईत पाच वर्षं शिकले त्याचा आयुष्यात हा उपयोग. नाहीतर इथे अमेरिकेत येऊन काय, गणपतीचे पडदे आणि मंडळाची निमंत्रणं.

अनू शाळेतून आली. बघत राहिली. "मॉम, दॅट्स नॉट युअर्स."
"तात्पुरतं आहे गं."
"सो? इट्स स्टिल नॉट युअर्स."
अकरा वर्षांची आहे. ओरडले तिच्यावर, उगाचच.

आणि खरं सांगायचं तर मजा आली. दुपारभर गाणं गुणगुणत होते. उजेड डावीकडून येतो तो बरोबर पकडला. दुधीवरची लव पण काढली.

२६ मे
सा.बा. टेबलावर जेवल्या. "हा दुधी कोवळा दिसतो हो." शशीनं मला डोळा मारला. जीव भांड्यात पडला.

३० मे, गुरु.
मार्था आली. खुर्ची चित्राच्या समोरच घेतली.
"काय म्हणतोय आमचा ससा?"
"मजेत," म्हणाले मी. मजेत!
हसली. तिला हिरवट-तपकिरी धूसर दिसत असणार, बाकीचं ती आठवणीनं भरते. हे मला माहीत होतं. रंगवतानाही माहीत होतं. तिच्या डोळ्यांचा हिशेब मी आधीच करून ठेवला होता, आणि हे मी शशीलाही सांगितलेलं नाही. नीच.

१३ जून, गुरु.
आज आरसेवाल्याचा धडा. एकावर एक पातळ थर, काचेसारखे, खालचा वाळल्याशिवाय वरचा नाही. उजेड सगळ्या थरांतून आत जातो आणि परत येतो, म्हणून त्यांची चित्रं आतून पेटल्यासारखी. वडीलही तसंच करायचे म्हणे.
मी मान डोलावली. मला काय, पुस्तकी माहिती होतीच.

७ जुलै
मंडळाची मंडळी जेवायला. देशपांडेकाकू म्हणाल्या, "चित्र छान आहे, पण खरी जान दुधीत आहे हं." सांगून टाकावं असं ओठांवर आलं होतं, मीच काढलाय म्हणून. चोरीच्या मालाचं कौतुक ऐकून लाजेनं मरायला हवं, आणि मी आणखी एक पुरी वाढली त्यांना.

१ ऑगस्ट, गुरु.
मार्थानं आज चित्राची गोष्ट सांगितली. पहिलं महायुद्ध, बेल्जियममधलं घेंट, गावात जर्मन फौज. ही सात वर्षांची. घरात सगळे उपाशी. वडिलांना कुठूनसा ससा मिळाला, त्या हिवाळ्यातलं पहिलं मांस. आई भांडं चढवून बसली तर हे म्हणतात, थांब, आधी रंगवतो. ससा खिळ्यावर, पोरं खाली बसून बघतायत. आई रडली, शिव्या दिल्या, आणि यांचं आपलं एकच, कान व्हायचेत अजून.
"आम्ही त्यांना माफ केलं नाही. जेवलो मात्र सगळे," मार्था म्हणाली. "आमची चित्रकला तुला एका वाक्यात हवी होती ना? ही घे. भूक लागलेली असताना बघत बसणं."
त्या खोलीत त्या क्षणी भिंतीवर दुधी होता.

३१ ऑगस्ट
सा.बा.ना विमानात बसवून आलो. घरी आल्या आल्या चित्र उतरवलं. ओला कापूस. वरचा हिरवा आला, खालचा येईना. सगळा उन्हाळा फोडण्या दिल्या त्याच्यासमोर, तेलकट धूर बसून चिकटलाय. साबण. नाही. मग बाटलीतलं टर्पेंटाइन, अगदी जरासं, बोळ्यावर.
कापसावर तपकिरी. तो रंग माझा नव्हता.
तिथेच थांबायला हवं होतं. नाही थांबले. अजून थोडं, अजून थोडं, करत. एक कान गेला. डोळ्याच्या जागी डाग. पोटावर हिरवट. ना ससा, ना दुधी. पातळ थर, एकावर एक, मान डोलावली होती मी!
शशी म्हणाला, "दुधी परत काढ ना, तिला कुठे दिसतंय."
त्याच्याकडे बघवेना. कारण माझ्याही मनात तेच आलं होतं.

५ सप्टें., गुरु.
बरं नाही असा फोन करून मार्थाला टाळलं. सूप घेऊन आली. दारातूनच घेतलं.

१९ सप्टें., गुरु.
मार्थाच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मीच ड्राइव्ह करून नेलं-आणलं. पट्टी. गाडीत म्हणाली, "पट्टी निघाली की आधी ससा." नंतर टेक्सासला, मुलीकडे, कायमची. घर विकलंय.
आज सांगायला हवं होतं. सिग्नलला थांबलो तेव्हा तोंड उघडलंही. म्हटलं, "एसी जास्त होतोय का?"

३ ऑक्टो., गुरु.
सांगितलं. म्हणजे ती दारात उभी राहिली, नवा डोळा लखलखीत, आणि म्हणाली, "तू अशी दिसतेस होय!" तेव्हा मला रडू फुटलं आणि सगळं बाहेर आलं. सासूबाई, दुधी, साबण, टर्पेंटाइन, मजेत.

जेवणघरात गेली. किती वेळ बघत होती कोण जाणे. मी आपली बडबडतेय. म्हटलं, तुम्हीच सांगितलंत ना, तुमच्याकडे एकाच चित्रावर दोघं काम करायचे, माणसं एकानं काढायची, फळंफुलं दुसऱ्यानं. हे मी बोलले! तोंडातून निघालं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती वळली. "हो. पण ते एकमेकांना विचारायचे."

मग आवाज न चढवता: "काढून ठेवलं असतंस तर मी रागावले असते. एक आठवडा."
चहा न घेता गेली. पुस्तक विसरली नाही.

६ ऑक्टो., रवि.
दुपारी बोलावलं तिनं. घरात खोकीच खोकी. वाटलं चित्र परत मागेल, मी गुंडाळूनच नेलं होतं. सोडून टेबलावर ठेवलं. तिनं एक डोळा झाकून, नव्या डोळ्यानं जवळून पाहिलं. बोट फिरवलं, हिरव्या डागावर.
"लव चांगली होती का गं?"
"कसली?"
"तुझ्या भाजीची. अनू सांगत होती."
खोटं बोलवेना. म्हटलं, "चांगली होती."
"हं." मग खालच्या कोपऱ्यात वडिलांची सही दाखवली, बारीक, तांबडी. "ह्याखाली तू सही कर."
मला वाटलं टोमणा. तोंडाकडे पाहिलं तर नाही.
"मार्था, मी कशी करू? मी नासवलंय ते."
"म्हणूनच. नाहीतर उद्या कोणी बघेल आणि म्हणेल, म्हाताऱ्याला कान जमत नव्हते."
चित्र मला परत दिलं. आधी नेणार नाही म्हणाली. मग म्हणाली, "सही बघून ठरवते."

संध्याकाळी जेवणघरात बसलेय. तांबडा रंग कालवलाय. शशी म्हणतो, बाई जातेय, विषय संपला, कशाला स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं. अनू समोर बसून होमवर्क करतेय आणि माझ्या हाताकडे बघतेय. एकदा ब्रश टेकवला, उचलला. माझं अख्खं नाव त्या कोपऱ्यात मावतं, मापून पाहिलं.

मार्थाची टॅक्सी उद्या सकाळी आठला. त्याआधी येते म्हणालीय. आता तिला दिसतं.