बदली इंजेक्शन

प्रिय दादा,

आई फोनवर का येत नाही म्हणून तू विचारतोस आणि मी दर वेळी थाप मारते. खरं हे आहे, की आईला आता ऐकू येत नाही.

तिच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला, तेव्हा आमच्या हॉस्पिटलच्या फार्मसीत नेहमीचं अँटिबायोटिक एकाच रुग्णाला पुरेल एवढं उरलं होतं. साठा माझ्याच ताब्यात. नवा माल कधी येईल, कोणी सांगेना. त्याच सकाळी एक बाळंतीण तापाने फणफणत दाखल झाली.

डॉक्टर म्हणाले, "एकीला बदली इंजेक्शन द्यावं लागेल. त्याने कान जाऊ शकतात. तुमच्या आईला चालेल?"

आई शुद्धीवर होती, दादा. तरी मी तिला न विचारता "चालेल" म्हटलं.

दोघीही वाचल्या.

घरी आल्यावर मी सगळं वहीत लिहून तिच्यापुढे धरलं. तिने दोनदा वाचलं, पान फाडलं आणि स्वतःचा आवाज कळत नसल्याने केवढ्यांदा तरी म्हणाली, "दादाला सांगायचं नाही. तो तुझं तोंड बघणार नाही. ऐकू येत नाही हे कळलंच, तर वयामुळे झालं म्हण. शब्द दे."

ती चिडली असती, तर मी सुटले असते. मी मान डोलावून शब्द दिला. म्हणून हे पत्र माझ्याच कपाटात राहील.

तुझी,
धाकटी