तिसऱ्या बाईखाली तुझं नाव

माय, ज्या जिनिंगमध्ये तू कापूस निवडायला जायचीस, तिथं मी एक रात्र मुक्काम करून आले. जालन्याच्या त्या जिनिंगचं आता हॉटेल झालंय. दगडी भिंती तशाच ठेवल्यात, गोदामांच्या खोल्या केल्यात, आणि सरकीचे ढीग पडायचे तिथं पाहुणे नाश्ता करतात. मी शाळेतून रिटायर झाले म्हणून तुझ्या नातवानं मला न विचारताच बुकिंग केलं. खोलीत पाऊल टाकलं, पण पांढऱ्या चादरीवर बसायला धीर होईना. कुणीतरी येईल आणि ‘ऊठ, इथं काय करून राह्यली?’ म्हणेल, असं सारखं वाटत होतं.

संध्याकाळी तिथली मॅनेजर आम्हाला इमारत दाखवायला घेऊन गेली. गोड बोलणारी तरुण पोरगी. व्हरांड्यात एक जुना फोटो मोठा करून लावलाय. सहा बाया ओळीत उभ्या आहेत, रुईचा भुगा नाकात जाऊ नये म्हणून पदरानं तोंडं गच्च बांधलेली, नुसते डोळे उघडे. तुझा नातू म्हणाला, “माझी आजी इथंच कामाला होती.” पोरगी हरखलीच. “मग यात असतील! ओळखा ना मॅडम, आम्ही खाली नाव लावू. आजपर्यंत एकीचंही नाव कळलेलं नाही.”

दोघं माझ्याकडे बघत राहिली, आणि मला तो दिवस आठवला. मी आठ वर्षांची. तू भाकरी घरीच विसरून गेल्तीस, म्हणून मी मस्तगडावरच्या घरून डबा घेऊन पळत आले. आत सगळ्या बाया तोंडं बांधलेल्या, मशीनचा आवाज कान फाडतोय. मी सरळ जाऊन डबा दुसरीच्याच हातात देते. सगळ्या हसतात. तू मागून येऊन दंड धरतेस, “आंधळी हैस का? आपली माय वळखू येत न्हाई?” पुढं कितीतरी दिवस तू गंमत म्हणून ते शेजारपाजारी सांगायचीस आणि मी मान खाली घालायचे. म्हणूनच असेल, त्या संध्याकाळी मी वेळ लावला नाही. तिसरीवर बोट ठेवलं. “ही.” ती जराशी अंग चोरून उभी होती. तू तशी उभी राहायचीस, असं वाटलं.

सकाळी बघते तर फोटोखाली पट्टी चिकटवलेली, तुझ्या नावाची. समोर साफसफाई करणारी बाई फडकं हातात घेऊन उभी. माझ्याच वयाची, केदारखेड्याची. “बाई, हे नाव कोणाचं लावलं?”

“माझ्या मायचं.”

“अस्सं.” ती जवळ जाऊन बघू लागली. “माझी सासू बी इथंच व्हती. डोळे बिलकुल असेच. मी रोज काच पुसताना हिलाच हात जोडीत व्हते.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “पर तुमी शिकलेल्या. तुमाला बराबर ठाऊक असंल. मंग तुमचीच.”

तिनं काच पुसली, ती पट्टीही पुसली, आणि बादली उचलून गेली. तेव्हाच बोलायला हवं होतं. तुझा नातू गाडीतून हाका मारत होता. परतीच्या वाटेवर अंबड येईस्तोवर ‘गाडी वळव’ हे शब्द ओठांवर येत राहिले. घरी आल्यावर दोनदा हॉटेलला फोन लावला. पलीकडून ‘हॅलो’ आलं की ठेवून दिला. मला खात्री नव्हती हे सांगावं, तर पट्टी निघणार, आणि त्या एवढ्या इमारतीत तुझं नाव कुठंच उरणार नाही. न सांगावं तर ती बाई रोज सकाळी आपल्या सासूच्या फोटोखालचं परकं नाव पुसणार. यावर काय करावं हे तुझ्याशिवाय कुणाला विचारावं, कळत नाही.

आपल्या घरात तुझा एकही फोटो नाही, माय. तुझा आवाज आठवतो. हात आठवतात. डोळे कसे होते, ते मला आठवत नाही.