दुर्गाबाईची ढेकी आन् माहा डावा कान

११ जानेवारी १९६५. सकाळ.
डाव्या कानात धप् धप् धप्. शेजारची दुर्गाबाई पायानं दाबायच्या ढेकीवर धान कांडून राह्यली. मुद्दाम. तिची बकरी मी कोंडवाड्यात देल्ली, त्याचा राग. मी काही बोलणार नाही. सोसणारी बाई हावो मी.

१२ जानेवारी.
बोलली. भिंतीवरून विचारलं, काहून वो, सारं बालाघाट तूच जेवू घालते का? म्हणे, जिजाकाकू, माहा पाय सुजला, ढेकी आठ दिवसांपासून बंद हाय. खोटारडी! मले ऐकू येते ना.

१९ जानेवारी. दुपार.
दुर्गाबाई नदीवर गेलती. ढेकीचं मुसळ काढलं, चुलीत घातलं. वरण छान शिजलं.

१९ जानेवारी. चार वाजता.
धप् धप्. भवानीनं दुसरं मुसळ लपवून ठेवलं होतं!

२ फेब्रुवारी.
लेक वसंता म्हणे, माय, डाक्टरले दाखव. मी म्हटलं, पुलिसले दाखवतो. तरी गेली. डाक्टर म्हणे मळ हाय. पिचकारी मारली. मळ निघाला, धप् नाही निघाली. आता त्या कानानं वसंताही निम्माच ऐकू येते. डाक्टर नक्की दुर्गाबाईच्या माहेरचा.

२२ फेब्रुवारी. नागपूर.
गाडी बदलली तवा गोंदियालेही धप्. इथंही धप्. केवढ्या जोरानं कांडत असंन!
मोठ्या डाक्टरनं कानात लाईट टाकली. म्हणे, पडद्यामागं लाल गाठ हाय. मानेवर बोट दाबलं, धप् बंद. काढलं, सुरू. म्हणे, आजी, नाडी धरा. धरली. जुळली. म्हणे, हे तुमचंच रक्त वाजते. कॅन्सर नाही, पण राहू देल्ली तर कान जाईन. लाखात एखादीले होते. मनात म्हटलं, करणीही लाखात एखादीवरच होते.

९ मार्च.
उद्या आपरेशन. गाठीतून रक्त लय जाते, बाटली पाहिजे. वसंताचं जुळलं नाही. दुर्गाबाई लंगडत नागपुरापर्यंत आली. तिचं जुळलं. मी नको म्हटलं. डाक्टर म्हणे, मग कान विसरा. घेतलं. ठीक हाय. तिची एक बाटली तर कमी झाली. बदला झाला.

१४ एप्रिल. घर.
धप् बंद. कान एकदम साफ. दुर्गाबाई रोज अंगणात बाया जमवून सांगते, बुढीच्या अंगात माहं रक्त हाय, आता तिले थोडी अक्कल येईन. भिंतीपलीकडून शब्द न् शब्द ऐकू येते.