गुद्रुनच्या वॉल्ट्झच्या दोन तबकड्या

मी, टोर्किल राउनबियर्ग, वय वर्षे ७९, धंदा लग्नकार्यांचं चित्रीकरण (आता बंद), राहणार लेमवी, पश्चिम युटलंड, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डॉक्टरांनी मला साखर सोडायला सांगितली आहे, अक्कल नाही. सबब कोणी शंका काढू नये.

कलम १. बंदराजवळचं घर आणि बँकेत जे काही उरेल ते माझी एकुलती मुलगी मारेन हिला. उत्तरेकडची खिडकी खांदा लावल्याशिवाय मिटत नाही. सुताराला बोलावू नये, तोही खांदाच लावतो.

कलम २. दोन्ही कॅमेरे, तिपाई आणि जुना ढेरपोट्या टीव्ही गावच्या इतिहास मंडळाला. टीव्ही मोडीत काढला तर मी भूत होऊन येईन. कारण पुढे कळेल.

कलम ३. माझी विद्याही मंडळालाच. मोठ्या कॅमेऱ्याचं चित्र हजार ऐंशी ओळींचं, डीव्हीडीत मावतात पाचशे शहात्तर. म्हणून मूळ टेप जपावी आणि चित्र लहान करायचं ते एकदाच, शेवटी. एका तबकडीवर एक तास, फार तर सव्वा. जास्त कोंबलं की आधी चेहरे जातात. आणि मुख्य म्हणजे, दर चित्र दोन अर्ध्यांत येतं. ओळी एकाआड एक वाटलेल्या: पहिली, तिसरी, पाचवी हे वरचं अर्धं, दुसरी, चौथी, सहावी हे खालचं. जुन्या कॅमेऱ्यात खालचं अर्धं आधी, नव्यात वरचं आधी. हे उलटं झालं की माणूस एक पाऊल पुढे टाकतो आणि अर्धं मागे. संगणकाच्या पडद्यावर ही चूक दिसत नाही, ढेरपोट्यावर लगेच दिसते. तबकडी त्याच्यावर बघितल्याशिवाय कोणाच्या हातात देऊ नये.

कलम ४. माझा मेहुणा आयनर विंडेलेव्ह याच्याशी असलेलं भांडण मी कोणालाही देत नाही. ते माझं स्वकष्टार्जित आहे.

२००९ साली त्याच्या आणि माझ्या थोरल्या बहिणीच्या, गुद्रुनच्या, लग्नाला पन्नास वर्षं झाली. मी अडीच तास चित्रीकरण केलं. आयनर म्हणाला, "सगळं एकाच तबकडीवर बसव. मला सारखं खुर्चीतून उठायला लावू नकोस." बसवलं. आठवड्याने बंदरावर चारचौघांत ओरडला, "ह्याने माझी बायको वाटाण्याच्या सूपातून टिपलीय! आणि वॉल्ट्झ नाचते कशी, तर उचकी लागलेल्या कोंबडीसारखी!" मी म्हणालो, "आधी टीव्ही बदल, म्हाताऱ्या!" तेव्हापासून तेरा वर्षं बोलणं बंद. दोन वर्षांनी गुद्रुन गेली. तिच्या कबरीपाशीही आम्ही नुसत्या माना हलवल्या.

~~कलम ५. मूळ टेप, आणि तिच्यावरून मी नव्याने नीट केलेल्या दोन तबकड्या, माझ्या निधनानंतर सदर आयनर याला द्याव्यात. वॉल्ट्झ दुसरीवर आहे, म्हणजे त्याला खुर्चीतून उठावंच लागेल. सूप त्याच्या हट्टाचं होतं. उचकी मात्र माझी. कॅमेरा नवा आणि सवय जुनी, मी खालचं अर्धं आधी लावलं. मला हे दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं.~~

खुलासा: कलम ५ मी स्वहस्ते खोडलं आहे, वाचता येईल असं. साक्षीदार दोन लागतात. एक शेजारीण बिर्टे होल्मगोर, दुसरा म्हणून मी आयनरचं नाव घातलं होतं. सहीसाठी माणसाला बोलावता येतं, माफी मागावी लागत नाही. बिर्टे चाळीस वर्षं वकिलाच्या कचेरीत होती. कागद वाचून तिने चष्मा काढला.

"ज्याला वस्तू मिळते त्याची साक्ष चालत नाही, शहाण्या. एक काहीतरी ठरव."

"मग साक्षीला तुझ्या भावाला बोलाव."

"आणि तू एकोणऐंशी, आयनर शहाऐंशी. आधी तूच जाणार, हे काय चिठ्ठ्या टाकून ठरलंय? त्याची नजर बघितलीस का हल्ली?"

मी नव्हती बघितली. म्हणून काल, गुरुवारी, टेप आणि तबकड्या खिशात घालून त्याच्या दारात गेलो.

"कोण मेलं?" आयनर म्हणाला.

"अजून कोणी नाही. सही हवीय. आणि ती उचकी माझी होती."

त्याने दार सताड उघडलं. मग म्हणाला, "पाय पूस आणि आत ये."

पहिली तबकडी त्याने गुमान बघितली. ती संपल्यावर मी उठायला लागलो, तर मला खाली दाबून स्वतः उठला, काठी न घेता. वॉल्ट्झ सुरू झाला. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे पाहुणे टाळ्या वाजवत गोल आवळत आवळत आले, मध्ये दोघांपुरती जागा उरली. आयनर टीव्हीला नाक लावून उभा. गुद्रुनच्या ओठांवर शब्दसुद्धा दिसत होते: "पाय, आयनर, माझा पाय!"

"हसतेय," तो म्हणाला. "टोर्किल, ही हसतेय रे! त्या तबकडीत तोंड नुसतं ओलं दिसायचं. तेरा वर्षं मला वाटत होतं, माझ्याबरोबर नाचताना ती रडत होती."

मी ढसाढसा रडलो, हे कायदेशीर कागदात लिहायला हरकत नसावी. मग आम्ही वॉल्ट्झ आणखी चार वेळा बघितला. चारही वेळा तोच उठला.

सबब कलम ५ रद्द. कलम ४ मधली मिळकतही शिल्लक नाही.

लेमवी, शुक्रवार, १८ नोव्हेंबर २०२२.

(सही) टोर्किल राउनबियर्ग

आम्हा दोघांच्या समक्ष, एकाच वेळी, सही केली:

१. (सही) बिर्टे होल्मगोर

२. (सही) आयनर विंडेलेव्ह. या मृत्युपत्रातून मला काहीही मिळत नाही. माझं होतं ते मला काल मिळालं.