सत्तावीस फूटपाथ आणि एक उतार

३ जुलै, सकाळी ६.४०
काल संध्याकाळी मेन रोडवर पडलो. नुकसान: डावा गुडघा, चष्म्याची एक काच आणि मराठीचा मास्तर म्हणून चाळीस वर्षांत जमवलेली इज्जत. कारण: किराणावाल्या माणिक्याने पोती आत न्यायला फूटपाथवर घातलेला सिमेंटचा उतार. उचलायला तोच आला आणि वर म्हणतो, गुर्जी, फूटपाथवरून काऊन चालता, रस्ता मोकळा हाये नं. गिऱ्हाइकं हसली. त्यात माझे तीन विद्यार्थी होते.
संकल्प: उतार उखडेपर्यंत दाढी नाही.

४ जुलै
दाढी केली. खाजत होती. सूड मनात ठेवायचा असतो, गालावर नाही.

७ जुलै
नगरपरिषदेत गेलो. बांधकाम विभागातली छाया माझी विद्यार्थिनी. आता इंजिनिअर आहे. तक्रार वाचून म्हणाली, गुर्जी, उताराच्या तक्रारींनी एक कपाट भरलं, दुसरं मागवलं हाये. मग दुसराच कागद दाखवला. बुलढाण्याहून पत्र: गावातल्या सगळ्या फूटपाथांची माहिती खुल्या नकाशात टाका. म्हणजे मोबाइलवर जगात कोणालाही फुकट दिसेल. माहिती जुन्या रजिस्टरात पडून आहे, ती कॉम्प्युटरवर चढवायला माणूस नाही.
मी तत्काळ हात वर केला. तिने विचारलं, जमन का तुमाले? मी फक्त हसलो.
माणिक्या, आता तुझं पाप अमेरिकेतून दिसेल.

८ जुलै
रजिस्टर घरी आणलं. काय ते अक्षर! प्रत्येक वेलांटी जणू झोक्यावर बसलेली. पान नऊ: मारुतीच्या पारापासून लिंबाच्या झाडापावेतो, रुंदी चार फूट. ते लिंबाचं झाड तोडून तीस वर्षं झाली. त्याच्याखाली आम्ही पोरं तालासुरात कविता म्हणायचो. डोळे भरून आले. तासभर खिडकीतून बाहेर बघितलं.
आजची प्रगती: शून्य फूटपाथ.

१४ जुलै
सून सुचिता हिचं ऑनलाइन अर्जांचं सेंटर आहे. तिने तक्ता करून दिला. एका ओळीत एक फूटपाथ, रोज दहा ओळी भरायच्या. तिसऱ्या दिवशी सत्तावीसही संपतात. अगदी सोपं.

१७ जुलै
झालेल्या ओळी: चार. पण चारही सुवाच्य.

२५ जुलै, दुपार
सत्तावीस पूर्ण! चाचणी म्हणून नकाशावर चढवले. गावात एकही दिसेना. सुचिताने शोधले. सगळे उत्तर ध्रुवाजवळ, बर्फाच्या समुद्रात. म्हणाली, मामाजी, आधी रेखांश लिहायचा होता, मग अक्षांश. तुम्ही उलटं केलं. आम्ही शाळेत कायम अक्षांश आधी म्हटला. उलटं जगाने केलंय.
मात्र माणिक्याचं दुकान अर्धा तास बर्फात होतं. बरं वाटलं.

२८ जुलै
दुरुस्ती झाली. आज राहिलेले उतारांचे रकाने, म्हणजे मुख्य वार. फूटपाथ क्रमांक अकरा, म्हणजे माणिक्याचा. तक्त्यात प्रश्नच असे की जणू माझ्या बाजूचा वकील विचारतोय. उतार आहे का? आहे. पक्का? होय, निर्लज्जपणे पक्का. (हे तक्त्याने घेतलं नाही, नुसतं पक्का घेतलं.) पहाटे टेप घेऊन जाऊन लांबी, रुंदी, चढ सगळं मोजून आणलं. इतर सव्वीस फूटपाथांना एवढं प्रेम दिलं नाही.
शेवटचा रकाना: अडथळा. तिथे नुसतं 'हो' लिहायला मन घेईना. इतका अपमान आणि एक अक्षर? भुजंगप्रयातात ओळ सुचली: तुझा माज माझ्या नकाशात मावे. तीच टाकली. सुचिता म्हणाली, तिथं हो नाहीतर नाही एवढंच चालते. म्हटलं, खुला नकाशा आहे ना? मग मन खुलं ठेवा म्हणावं.

१ ऑगस्ट
बायको कौशल्या रोज त्याच दुकानातून दूध आणते, हे आज कळलं. घरभेदीपणा. विचारलं तर म्हणते, बाकी साऱ्या दुकानाईले पायऱ्या हायेत, माह्या गुडघ्याईले तेच एक दुकान जमते. आणि तुमी पडले ते उतारानं नाही, चालता चालता कविता म्हनत होते म्हणून.
ती कविता चालीवर होती. चाल चुकायचा प्रश्नच येत नाही.

५ ऑगस्ट
नकाशा प्रसिद्ध. छायाने वर पाठवला. आता वाट पाहायची.

८ ऑगस्ट, सकाळी ११
माणिक्याच्या दुकानासमोर नगरपरिषदेची गाडी! मुख्याधिकारी स्वतः, सोबत छाया आणि टेप. मी समोरच्या हॉटेलात चहा घेत बसलो. उतार मोजला, फोटो काढले. माणिक्या घामाघूम. दुसरा चहा मागवला. आयुष्यात इतका गोड चहा प्यायलो नाही.

११ ऑगस्ट
छाया घरी येऊन गेली. पेढे होते. जिल्ह्यातून नकाशा तपासला. दिव्यांग आणि म्हाताऱ्या माणसांना चढता येईल असा, मापासकट नोंदलेला, पक्का उतार आपल्या गावात फक्त एकच निघाला. क्रमांक अकरा. मी विचारलं, आणि अडथळा? ती म्हणाली, तो रकाना तर कोराच आला, गुर्जी, म्हणजे अडथळा नाही असंच धरलं. तिथं कायतरी लिहिलं व्हतं का?
नाही म्हणालो.
स्वातंत्र्यदिनी ध्वजवंदनानंतर माणिकरावांचा सत्कार. मानपत्र लिहायचं आहे. गावात वृत्तबद्ध लिहिणारा माणूस एकच. तिने माझं नाव आधीच दिलंय.
ठाम नकार द्यायचा ठरवलं.

१३ ऑगस्ट
नकार उद्या देईन. आज दोन कडवी झाली.

१४ ऑगस्ट, संध्याकाळ
मानपत्र पूर्ण, एक शब्द सोडून. शेवटच्या ओळीत 'उतारा'ला यमक हवं. एकच सुचतंय आणि तेच मला लिहायचं नाही. कागद घेऊन फिरायला निघालो. कौशल्या दूध घ्यायला निघाली होती, तिच्यासोबत दुकानापर्यंत गेलो. ती हळूहळू चढून आत गेली. मी फूटपाथवरच थांबलो. माणिकरावांनी स्टूल आणून ठेवलं, कागद मागितला, ओठ हलवत वाचला. म्हणाले, गुर्जी, इथं 'उदारा' टाका नं.
टाकलं. वृत्तात बसतं.