कावळा शिवला त्या दिवशी

॥ श्री ॥

सांगली,
९ फेब्रुवारी २०२५

चि. निमिष यास,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू बरं आहे याच्या पुढं सरकत नाहीस, आणि मी बोलायला लागले की सासूबाई हॉलमधल्या खाटेवरून कान टवकारतात. त्यापेक्षा पत्रच बरं. लग्न झाल्यावर नानांनी मला महिन्याला एक पत्र टाकायची अट घातली होती, आठवतंय ना? ते वाचायचे, चुकांभोवती लाल गोल काढायचे आणि माझं मलाच परत पाठवायचे. असं पहिलं पाकीट आलं तेव्हा ह्यांना वाटलं, सासऱ्यांचं काहीतरी बिनसलं. टायपिंग शिकवणाऱ्या माणसाची मुलगी केली म्हणजे काय असतं ते त्यांना त्या दिवशी समजलं.

काल आमच्या सृष्टीला पेढ्यांची गोष्ट सांगितली. नाना सांगलीला यायचे तेव्हा बॉक्स अर्ध्या किलोचा असायचा आणि आत दोन पेढ्यांची जागा रिकामी. विचारलं की वाटेत काशीळच्या खड्ड्यात पडले असं तोंड न हलवता सांगायचे. कार्टी हसून हसून लोळली.

मग तिनं दहाव्याचं विचारलं, म्हणून तेही सांगितलं. संगम माहुलीच्या घाटावर तासभर कावळा शिवत नव्हता. आत्या एकेक इच्छा विचारून दमली, गुरुजी दर्भाचा कावळा करायला निघाले होते. तेव्हा मी पुढं होऊन हात जोडले आणि म्हणाले की नाना, निमिष इथंच राहील, टायपिंगची संस्था बंद पडू देणार नाही. आणि खरंच, कावळा उतरला. दोन वर्षं होत आली, पण अजून अंगावर काटा येतो. तू तो शब्द पाळलास, शिरवळच्या कंपनीतली नोकरी सोडलीस, याचा मला किती अभिमान आहे ते तुला तोंडावर कधी सांगितलं नाही.

इकडं सासूबाईंचा संधिवात वाढलाय. उशाला घंटी ठेवली आहे, ती दिवसात तीस वेळा वाजते. मला वर्षातून दोनदा चार दिवस मिळतात, दिवाळीनंतर आणि नानांच्या श्राद्धाला. त्या आठ दिवसांवर मी बाकीचं वर्ष काढते. एप्रिलात येतेच आहे. मागची खोली झाडून ठेव.

घंटी वाजली. थांबते.

तुझ्यावर लोभ आहेच, तू पत्राचं उत्तर दिलंस तर आणखी करीन.

तुझी,
क्षमाताई

*

सातारा,
२३ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पेढ्यांचा हिशेब चुकला आहे तुझा. दोन नाही, चार. एका खेपेला मी बरोबर होतो आणि कराड यायच्या आत दोन माझ्या हातावर ठेवून नाना खिडकीबाहेर बघत बसले होते. इतक्या वर्षांनी गुन्हा कबूल करतो.

संस्था चालू आहे. चालू आहे म्हणजे मी सकाळी सातला शटर वर करतो आणि रात्री आठला खाली ओढतो. कॉम्प्युटरच्या बॅचला सात जण आहेत. नानांच्या अकरा मशीनींवर आता कुणी शिकत नाही, परीक्षाच राहिली नाही. तरी आकाराम रोज येतो, कव्हरं काढतो, तेल घालतो, पुन्हा कव्हरं चढवतो. एकतीस वर्षं केलंय त्यानं ते.

लोक येतात, पण नानांकडे येतात. मी दार उघडायला असतो. मागच्या आठवड्यात बाक भिंतीकडे सरकवला तर हरणाबाई चिडल्या, चाळिशीत नवरा गेल्यावर त्याच बाकावर बसून शिकले आणि जिल्हा परिषदेत लागले, तो हलवायचा नाही म्हणाल्या. आता मी काय बोलणार? बाक परत ठेवला. न्हावी न विचारता नानांसारखा भांग पाडतो. परवा डॉक्टरांनी माझं ब्लडप्रेशर मोजलं आणि नानांचं किती असायचं ते सांगितलं. मी तेहतीस वर्षांचा आहे गं.

आणखी एक. अश्लेषाला नागपूरच्या कॉलेजात माती परीक्षणाची जागा मिळाली. दोन जूनला हजर व्हायचं आहे. नाना गेले म्हणून लग्न वर्षभर पुढं ढकललं, मग संस्थेसाठी आणखी एक वर्ष. फलटणला तिच्या घरी आता माझं नाव निघालं की सगळे चहा प्यायला लागतात. तिनं विचारलंय, बरोबर येणार का. मी अजून काही बोललो नाही.

खोली झाडून ठेवतो. आईच्या गोधड्या उन्हात घातल्या आहेत.

भाऊजींना नमस्कार, सृष्टीला पापा, आणि लोभाचं तू ठरवशील तसं.

तुझा,
निमिष

*

मु. पो. त्रिपुटी, ता. कोरेगाव
१२ एप्रिल २०२५

सौ. क्षमाताईस,
आकारामचा रामराम, वि. वि. की

श्राद्धाला तुमी याल आन् समक्ष सांगीन असं ठरवलं हुतं. तुमच्या सासूबाई पडल्या, तुमचं येणं हुकलं. फोनवर सांगायचं धाडस हुईना म्हणून लिवतोय. माझं अक्षर नानास्नी बी कवा लागलं न्हाई, तवा सांभाळून घ्या.

गेल्या म्हैन्यात आमच्या भावकीतली मनुबाई वारली. दहाव्याला माहुलीच्या घाटावर गेलो. ऊन लय, मी आपली छत्री उघडून हुबा. कावळा काय खाली येईना. तवा गुरुजी माझ्यावर खेकसले, आवं ती काळी छत्री मिटा, कावळं बिचकत्यात. मी मिटली. मिटली तसा कावळा उतरला.

ताई, नानांच्या दहाव्याला बी मीच छत्री धरून आत्याबाईंच्या डोक्यावर हुबा हुतो, तासभर. तुमी हात जोडून बोलाया लागला आन् मला रडू आवरंना. डोळं पुसाया मी छत्री मिटली. मग कावळा आला. तुमचं बोलणं ऐकून न्हाई आला, ताई. छत्री मिटली म्हणून आला.

निमिषदादास्नी मी ह्यातलं काय बी सांगितलं न्हाई. खोटं कशाला बोलू, माझा बी सवारथ हाय. संस्था हाय तवर मला सकाळी उठून जायाला जागा हाय. पण दादा दिवसंदिवस गप हुत चाललेत. दुपारी शटर अर्धं वढून आत नुसतं बसून असत्यात. नाना असतं तर त्यास्नी हे बघवलं नसतं.

सांगायचं का न्हाई ते तुमी ठरवा. माझ्यानं एकट्यानं धरवंना म्हणून तुमच्याकडं दिलं.

चुकलंमाकलं पोटात घाला, राग धरू नका.

तुमचा,
आकाराम

*

सांगली,
२० एप्रिल २०२५

चि. निमिष यास,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

श्राद्धाला येता आलं नाही याचं किती वाईट वाटलं ते काय सांगू. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, पण दोन महिने खाटेवरच. बाई ठेवली होती, ती तिसऱ्या दिवशी पळाली. घंटीला घाबरली असेल. मी कुठं पळणार?

रोज नाना डोळ्यांसमोर येतात. माझी परीक्षा होती तेव्हा ते बाहेर कट्ट्यावर बसले होते. आत चाळीस मशीनी एकदम वाजत होत्या. मी बाहेर आले तर म्हणाले, तिसऱ्या परिच्छेदात अडलीस का? चाळिसातून माझी मशीन त्यांना आवाजावरून ओळखू आली होती! आणि तुला गोवर आला तेव्हा तुझ्या खाटेजवळ स्टुलावर मशीन ठेवून ते ओळीच्या ओळी ठोकत बसले होते, कारण त्या आवाजाशिवाय तुला झोप लागायची नाही. आई म्हणायची, पोराला अंगाई सोडून हे काय भलतंच. असा बाप कुणाला मिळतो रे?

अश्लेषा गुणी मुलगी आहे. पण नागपूरचा उन्हाळा तुला सोसायचा नाही. तिला साताऱ्यात किंवा कराडला काही मिळणार नाही का? जरा थांब म्हणावं. मुलींनी जरा थांबलं तर बिघडत नाही.

आकारामचं पत्र आलं होतं. मजेत आहे म्हणतो.

प्रकृतीला जप. माझ्यावर माया ठेव, मला तिची गरज आहे.

तुझी,
क्षमाताई

*

सातारा,
२९ एप्रिल २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. गोवराचं मला आठवत नव्हतं. दिवसभर डोक्यातून जाईना. संध्याकाळी आकाराम गेल्यावर कोपऱ्यातल्या मशीनीचं कव्हर काढून एक ओळ ठोकून बघितली. रडू आलं. मग कव्हर घातलं आणि शटरकडे बघत बसलो.

अश्लेषाला थांब म्हणून मी दोनदा सांगून झालंय. तिसऱ्यांदा सांगायला तोंड नाही. तिला पंधरा मेपर्यंत उत्तर हवंय, हो किंवा नाही. ती चिडून बोलली असती तर सोपं गेलं असतं. तिनं फक्त विचारलं की साताऱ्यात राहणं तुला आवडतं का. ताई, आवडतं का हे मला दोन वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

नकाराचं पत्र लिहून ठेवलंय. टेबलाच्या खणात आहे.

तुला एकच विचारायचं आहे. त्या दिवशी घाटावर तू जे बोललीस, ते तुला अजून तसंच हवंय का? नानांच्या आठवणी पुढच्या पत्रात. या वेळी एवढंच सांग.

सासूबाईंना आराम पडो. तुझ्या उत्तराची वाट बघणारा,

निमिष

*

सांगली,
५ मे २०२५

चि. निमिष यास,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तू सरळ विचारलंस, तर सरळच सांगते. आकाराम मजेत आहे हे मी खोटं लिहिलं. त्याचं पत्र सोबत ठेवलं आहे, आधी ते वाच. वाचलंस? पंधरा दिवसांहून जास्त ते माझ्याकडे आहे. पिठाच्या डब्यामागं लपवलं होतं. ते वाचूनच मी तुला नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल लिहिलं. मुलींनी थांबलं तर बिघडत नाही असं लिहिलं. मी! वीस वर्षं सासूबाईंच्या हाकेवर उठणारी मी हे लिहिते, म्हणजे बघ.

पण छत्रीचा दोष नाही रे. छत्री नसती तरी माझं वाक्य माझंच होतं. नानांचं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात त्यांनी मला विचारलं होतं की अगं, त्या मशीनी कुणी घेईल का? मी म्हणाले, काहीतरीच काय. त्यांना आवरायचं होतं, निमिष. मला कळलं होतं. तरी घाटावर सगळ्यांसमोर मी तुला बांधून टाकलं.

का ते सांगते. तू शिरवळला किंवा आणखी कुठं गेलास की त्या घराला कुलूप लागणार, आणि मग साताऱ्याला जाते असं म्हणायला मला कारण राहणार नाही. ते आठ दिवस जातील या भीतीनं मी बोलले. नानांच्या नावाखाली मी माझं माहेर राखून ठेवलं आणि त्याची किंमत तू भरलीस. वर तुझा अभिमान वाटतो म्हणून पत्रं लिहिली. लाज वाटते.

मला ते तसं नको आहे आता. खणातलं ते पत्र फाडून टाक. अश्लेषाला आजच फोन कर. संस्था बंद कर. कुणी काही बोललं तर माझं नाव सांग, हरणाबाईंशी मी बोलेन.

तू जा.

माझ्यावर लोभ ठेव म्हणायचा मला आज हक्क नाही, तरी ठेव.

तुझी,
क्षमा

*

सातारा,
११ मे २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र परवा मिळालं. अश्लेषाला फोन केला. सव्वीसला फलटणला लग्न, घरच्या घरी, वीसएक माणसं.

छत्री मी त्याच दिवशी पाहिली होती. मी पिंडापाशी बसलो होतो, आकाराम समोर. कावळे पिंपळावरून छत्रीकडेच बघत होते. मी त्याला मिटायला सांगणार, तेवढ्यात तू बोललीस. हात नानांना जोडले होतेस, पण बघत माझ्याकडे होतीस. तुझा तो चेहरा बघून मला नाही म्हणता आलं नाही. दोन वर्षं मी नानांच्या शब्दात नव्हतो, तुझ्या होतो.

रागही आला, खूप आला. तुझी पत्रं वाचताना हसायचो आणि मग घडी न घालताच खणात कोंबायचो. तू कधीतरी आपण होऊन जा म्हणशील, म्हणून मी वाट बघत राहिलो. तुला सरळ विचारायला दोन वर्षं लावली, ही माझी चूक. ती तुझ्या खात्यावर टाकत नाही.

आकारामनं दोन मशीनी मागितल्या. तहसील कचेरीच्या आवारात अर्ज टाइप करायला बसणार म्हणतो. मी सांगितलं, अजून लोक मशीनवर करून घेतात का ते बघ. तर म्हणाला, करत नसतील तर मी त्यास्नी शिकवीन. परवापासून गडी चक्क दाढी करून येतोय.

घर विकत नाही. सोबत किल्ली पाठवतोय. वर्षातून दोनदाच कशाला, वाटेल तेव्हा ये. इथं आता कुणी नसेल. तुला स्वयंपाक करावा लागणार नाही, कुणाला चहा द्यावा लागणार नाही, हाका मारणारं कुणी नसेल. सासूबाईंचं भाऊजींना बघू दे दोन दिवस. त्यांना वरणभात येतो, मी खाल्लाय. सृष्टीही आता सतरा वर्षांची घोडी आहे.

मला तू जा म्हणालीस तेव्हा मी दोन वर्षांत पहिल्यांदा भर दुपारी शटर पूर्ण वर केलं आणि रस्त्यावर येऊन उभा राहिलो. तुला तसं म्हणणारं तिकडं कुणी नाही. म्हणून मी म्हणतो.

ताई, तूही जा.

लग्नाला येशीलच. लोभ येताना घेऊन ये.

तुझा,
निमिष